जुन्या लिंका तुटल्यात, आर्काइव्हची पानं लावून साइट सावरता येईल का?

छोटीलाइन (धागाकर्ता) · सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, एक किचकट काम अंगावर घेतलंय, सल्ला हवा.

नागपूरच्या नॅरो गेजवर माझी हौशी साइट आहे. इतवारीहून नागभीडला आणि छिंदवाड्याला जाणारी, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. साइट सुरू केली तेव्हा दोन्ही गाड्या धावत होत्या. छिंदवाड्याची २०१५ च्या अखेरीस बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. आता इंजिन पाहायचं तर मोतीबागच्या संग्रहालयात जायचं.

लेखांत जागोजागी संदर्भ दिलेत. वेळापत्रकं, परिपत्रकांच्या पीडीएफ, वर्तमानपत्रातल्या बातम्या, दोन-तीन परदेशी रेल्वेवेड्यांची पानं. मागच्या आठवड्यात होस्टिंग बदललं म्हणून लिंक तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं. बाहेर जाणाऱ्या ६१२ लिंकांपैकी २३१ लाल! रूळ उखडले ते उखडले, आता त्यांच्या बातम्याही उखडल्या.

नमुन्यादाखल हे एक पान पाहा: [दुवा: इतवारी स्थानक]. त्यात १९ संदर्भ आहेत, त्यातले ८ मेलेले. काढून टाकू, तसेच ठेवू, की इंटरनेट आर्काइव्हवर साठवलेल्या जुन्या प्रती लावू? कोणी हे काम निस्तरलंय का?

---

सावजी४०४ · सोमवार, रात्री ११:०५

काढून टाका ना भाऊ. लेख तुमचा हाय, माहिती तुमची हाय. खालच्या लिंकेवर कोण जाऊन पाह्यते? मी तं आजवर एकदाही गेलो नाही.

---

जुनी_ग्रंथपाल · मंगळवार, सकाळी ६:५०

सावजीभाऊ, तुम्ही जात नाही म्हणून संदर्भ काढायचा असेल तर माझ्या लायब्ररीतली अर्धी कपाटं रिकामी करावी लागली असती. संदर्भ हा लेखकाचा पुरावा असतो. उद्या कोणी म्हणालं, की नागभीडची गाडी अमुक वेळेला सुटतच नव्हती, तर छोटीलाइन काय दाखवणार?

छोटीलाइन, तुमचं प्रमाण काही जगावेगळं नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. तुमचे २३१ म्हणजे साधारण तेवढेच.

आता उपाय. इंटरनेट आर्काइव्ह ही सॅन फ्रान्सिस्कोची ना-नफा संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती काढून ठेवते आणि त्या सगळ्यांना पाहता येतील अशी वेबॅक मशीन २००१ पासून चालू आहे. मेलेल्या लिंकेचा पत्ता तिथे टाकायचा. कॅलेंडर उघडतं, ज्या ज्या दिवशी प्रत काढली त्या तारखांवर गोल दिसतात. त्यातली एक निवडायची.

पण मूळ पत्ता पुसायचा नाही. ही चूक सगळे करतात. संदर्भात मूळ लिंक, आर्काइव्हची लिंक आणि प्रतीची तारीख ही तिन्ही ठेवा. शिवाय बातमीचं शीर्षक, वर्तमानपत्राचं नाव, दिनांक आणि छापील पान माहीत असेल तर तेही. 'इथे वाचा' एवढ्याच दोन शब्दांना लिंक चिकटवली असेल तर लिंक गेली की हाती फक्त 'इथे वाचा' उरतं.

---

छोटीलाइन · मंगळवार, सकाळी ९:१५

ताई, मी नेमकं हेच 'इथे वाचा' ठिकठिकाणी केलंय. कबूल.

---

पायथन_पोरगा · मंगळवार, दुपारी १:२०

काका, २३१ हातानं कशाला करता? वेबॅकचा एक एपीआय आहे. त्याला पत्ता द्यायचा, तो सांगतो प्रत आहे की नाही आणि असेल तर तिचा पत्ता. मी वीस ओळींची स्क्रिप्ट लिहून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. यादी टाका, दहा मिनिटांत बदललेली यादी हातात.

आणि वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर इंटरनेट आर्काइव्हनंच वर्डप्रेसवाल्यांसोबत लिंक फिक्सर नावाचं प्लगइन काढलंय. बाहेरच्या लिंका तपासत राहतं, प्रत नसेल तर काढून ठेवतं आणि लिंक मेली की वाचकाला आपोआप प्रतीकडे वळवतं.

---

छोटीलाइन · मंगळवार, रात्री ११:५०

स्क्रिप्ट चालली! २३१ पैकी १५८ च्या प्रती मिळाल्या. सगळ्या एका झटक्यात लावूनही टाकल्या. पोरा, तर्री पोहे लागू माझ्याकडे.

---

वर्धारोड · बुधवार, सकाळी ८:०५

छोटीलाइन, पोहे थोडे थांबवा. त्या १५८ पैकी किती उघडून पाहिल्या?

माझा अनुभव सांगतो. मी एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची साइट सांभाळायचो. त्यात विज्ञान प्रदर्शनाच्या एका पानाची लिंक होती. ते डोमेन कोणीतरी नूतनीकरण न करता सोडून दिलं आणि पत्त्यांच्या जुगारवाल्यांनी उचललं. आता गंमत पाहा, ती लिंक मेलेली नव्हती. तपासणीत हिरवी दिसायची, कारण पान उघडत होतं, सर्व्हर २०० चा, म्हणजे 'पान आहे' असा, जबाब देत होता. उघडल्यावर आत मात्र रमी खेळा, पहिला डाव फुकट. ही गोष्ट मला कळली कशी, तर आमच्या निवृत्त मुख्याध्यापिकांचा फोन आला. बाईंनी विचारलं, "प्रदर्शनाच्या ऐवजी हे काय दाखवतोस?" नंतर कितीतरी दिवस मी शाळेसमोरून गाडी नेली नाही.

तात्पर्य मेलेली लिंक परवडली, भूत शिरलेली लिंक वाईट. आणि हेच भूत आर्काइव्हच्या प्रतीतही असतं, कारण आर्काइव्हनं जुगाराच्या पानाचीही प्रत इमानेइतबारे काढलेली असते.

---

छोटीलाइन · बुधवार, दुपारी २:३०

वर्धारोड, तुमचं वाचून घाम फुटला. वीस उघडून पाहिल्या. तेरा बरोबर. तीन 'डोमेन विकणे आहे'. दोन 'साइटचे काम चालू आहे'. एका प्रतीत वर्तमानपत्राचं आजचं मुखपृष्ठ, म्हणजे बातमी सापडली नाही की ते मुखपृष्ठावर ढकलतात. आणि एक पान चिनी भाषेत. काय विकतात देव जाणे.

---

पायथन_पोरगा · बुधवार, दुपारी ३:१०

चूक माझी काका. एपीआयला तारीख दिली नाही तर तो सगळ्यात ताजी प्रत देतो. आणि मेलेल्या साइटची ताजी प्रत म्हणजे मेल्यानंतरची! तारीख दिली तर त्या तारखेच्या सगळ्यात जवळची देतो. तुमच्या प्रत्येक लेखाची प्रकाशनाची तारीख डेटाबेसमध्ये आहेच, तीच पाठवतो. सुधारलेली स्क्रिप्ट रात्री देतो.

---

जुनी_ग्रंथपाल · बुधवार, सायंकाळी ५:४५

हे बरोबर. तुम्ही लेख लिहिताना जे पान पाहिलं होतं, त्याच्या जवळची प्रत हवी. तीच तुमचा पुरावा.

तारखेबद्दल एक बारीक गोष्ट. आर्काइव्हच्या पत्त्यात १४ आकड्यांचा शिक्का असतो: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं, सेकंद. उदाहरणार्थ २०१५०८२९१९४०१२. याला आपण २९ ऑगस्ट २०१५, संध्याकाळचे सात चाळीस असं वाचू. पण ती वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे, आपली नाही. साडेपाच तास मिळवा. नागपुरात तेव्हा ३० ऑगस्टची रात्र, १ वाजून १० मिनिटं झाली होती. गाडी बंद होण्याच्या आदल्या दिवशीचं पान की नंतरचं, असला वाद निघाला तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

आणि शिक्क्याची नेमकी प्रत नसली तर वेबॅक गुपचूप जवळच्या दुसऱ्या प्रतीवर नेतं. तेव्हा पान उघडल्यावर वरच्या पट्टीतली तारीख वाचायची सवय ठेवा.

---

सावजी४०४ · बुधवार, रात्री ९:२०

एवढं सगळं करण्यापेक्षा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जागनाथ बुधवारीत मारबतीच्या मिरवणुकीत जाऊन उभं राह्यचं. इडा पिडा, मेलेल्या लिंका घेऊन जाय गे मारबत!

(पण खरं सांगतो, रमीचं वाचून आपल्या दुकानाची साइट तपासली. चार लिंका मेल्या. चूप बसतो आता.)

---

शिळाटंक · गुरुवार, सकाळी ११:००

मराठी साइटवाल्यांना आणखी एक काटा आहे, तो इंग्रजी लेखांत कुठे सापडणार नाही.

२००० च्या आसपासची मराठी वर्तमानपत्रांची पानं युनिकोडमध्ये (आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात) नसायची. प्रत्येकाचा स्वतःचा फॉन्ट. पानाच्या आत प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हंच असायची, फॉन्टमुळे ती देवनागरी दिसायची. आर्काइव्हकडे पान आहे, पण फॉन्टची फाइल बहुतेक वेळा नाही, आणि असली तरी आजचे ब्राउझर ती घेत नाहीत. म्हणून प्रत उघडली की कचरा दिसतो आणि माणसाला वाटतं, प्रतच खराब. ती खराब नाही. मजकूर कॉपी करा, त्या फॉन्टचं रूपांतर करणारं साधन शोधा, युनिकोड करून घ्या. मी २००२ ची एक बातमी अशी वाचलीय. जोडाक्षरं आणि रफार हातानं नीट करावे लागले, बाकी जसंच्या तसं.

संदर्भात आर्काइव्हची लिंक द्या आणि खाली रूपांतरित केलेल्या दोन-चार ओळी अवतरण म्हणून द्या. नाहीतर वाचक तो कचरा पाहून तुम्हालाच नावं ठेवेल.

---

छोटीलाइन · गुरुवार, दुपारी १२:४०

अहो, हे कळायला अकरा लिंका फुकट गेल्या असत्या! त्या मी 'प्रत खराब' असं लिहून बाजूला टाकल्या होत्या. मोतीबागचं संग्रहालय २००२ मध्ये सुरू झालं तेव्हाची बातमी त्यातच आहे.

आता दुसरी अडचण. सरकारी पीडीएफ. यातल्या बऱ्याच आर्काइव्हवर नाहीतच. एकच कागद तीन वर्षांत तीन पत्त्यांवर फिरला. साइट नवी झाली, पत्ते बदलले, जुन्याकडून नव्याकडे वळवायची तसदी कोणी घेतली नाही.

---

कागदीघोडा · गुरुवार, सायंकाळी ६:३०

सरकारी कागदाला लिंकेपेक्षा नंबर महत्त्वाचा. तीस वर्षं हेच केलं म्हणून सांगतो.

महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय उघडा. शेवटी, सहीच्या वर, एक ओळ असते: हा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्याचा संकेतांक अमुक. लांबलचक आकडा असतो. सुरुवातीचे आकडे नीट पाहाल तर त्यात तारीख दिसेल. पत्ता दहादा बदलो, तो आकडा बदलत नाही. शासन निर्णयांच्या साइटवर त्या आकड्यानं शोधा, कागद हजर. तेव्हा संदर्भात विभाग, शासन निर्णय क्रमांक, दिनांक आणि संकेतांक लिहा. लिंक ही वरची कोथिंबीर.

रेल्वेच्या परिपत्रकालाही क्रमांक आणि दिनांक असतोच. तो लिहून ठेवला असता तर आज माहितीच्या अधिकारात एका अर्जावर मागता आला असता.

---

पायथन_पोरगा · गुरुवार, रात्री ८:१५

सरकारी पीडीएफ आर्काइव्हवर नसण्याचं आणखी एक कारण. काही सरकारी साइट्स भारताबाहेरच्या आयपीला (नेटवरच्या पत्त्याला) दारच उघडत नाहीत. आर्काइव्हचे सर्व्हर बाहेर, मग प्रत निघणार कशी? तुमचं लिंक तपासणारं सॉफ्टवेअर परदेशी सर्व्हरवर चालत असेल तर तेही अशा लिंका लाल दाखवेल. घरच्या नेटवर उघडून पाहा, जिवंत असतील.

अशा वेळी पीडीएफ स्वतः उतरवून घ्यायची, हाच उपाय. साधं पान असेल तर आर्काइव्हवेब डॉट पेज नावाचं क्रोमचं एक्स्टेन्शन आहे. ते चालू करून पान पाहिलं की जे जे दिसलं ते सगळं एका फाइलीत बसतं आणि नंतर नेट नसतानाही तसंच उघडतं.

---

वर्धारोड · गुरुवार, रात्री १०:००

स्वतःजवळ प्रत ठेवण्याला जोरदार अनुमोदन. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला होता, आठवतं? ३ कोटींवर खात्यांची माहिती चोरीला गेली आणि वेबॅक काही दिवस बंद होतं. परत आलं तेही आधी फक्त वाचण्यापुरतं, नवी प्रत काढता येत नव्हती. त्याच वर्षी गुगलनंही शोधातली स्वतःची जुनी प्रत दाखवणं बंद केलं होतं. तेव्हा एकाच खुंटीला सगळे कपडे टांगू नका. शिवाय मूळ साइटच्या मालकानं सांगितलं तर आर्काइव्ह त्या साइटच्या प्रती दाखवणं थांबवतं.

फक्त एक पथ्य. उतरवलेली दुसऱ्याची बातमी आपल्या साइटवर अख्खी चढवू नका. ती आपल्या हार्ड डिस्कमध्ये, पडताळणीसाठी. वाचकाला आर्काइव्हची लिंक.

---

जुनी_ग्रंथपाल · शुक्रवार, सकाळी ७:१०

आतापर्यंत सगळे मढ्याला औषध पाजतोय. मुद्दा पुढच्या लिंकांचा आहे. लेख प्रसिद्ध कराल त्याच दिवशी, चहा गार व्हायच्या आत, त्यातल्या प्रत्येक लिंकेची प्रत काढून ठेवा. वेबॅकच्या मुख्य पानावर उजवीकडे पत्ता टाकायची एक चौकट आहे, 'सेव्ह पेज नाउ'. २०१३ पासून कोणालाही तिथे पत्ता टाकून प्रत काढता येते. खातं उघडून लॉगिन केलं तर एक जास्तीची सोय मिळते. तुमच्या स्वतःच्या लेखाचा पत्ता द्यायचा आणि बाहेर जाणाऱ्या लिंकाही जतन करा या चौकोनावर खूण करायची. लेखासकट त्यातल्या लिंकांच्या प्रती निघतात.

नंतर काढू म्हणालात तर होत नाही. पान मरतं ते तुम्हाला कळवून मरत नाही.

प्रत निघाली की उघडून पाहा मात्र. पीडीएफ आणि साधी पानं छान येतात. फिरवता येणारे नकाशे, फेसबुकवरच्या पोस्टी, लॉगिनमागचं काहीही बहुतेक वेळा रिकामं येतं.

---

शिळाटंक · शुक्रवार, दुपारी ४:००

छोटीलाइन, जाता जाता एक. दुसऱ्यांच्या मेलेल्या लिंकांवर इतकं बोललो, पण तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंकांचं काय? होस्टिंग बदललंत म्हणता.

मराठी स्लग (पत्त्यातला लेखाच्या नावाचा तुकडा) ठेवता का? मग हिशेब ऐका. 'नागपूर' या शब्दात न, काना, ग, प, ऊकार, र अशी ६ चिन्हं. प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट म्हणजे टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं. म्हणजे एका 'नागपूर'ला ५४ अक्षरं! वर्डप्रेस स्लगला २०० ची मर्यादा घालतं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'नागपूर ते नागभीड छोटी गाडीचा शेवटचा प्रवास' हे शीर्षक 'गाडीचा' या शब्दाच्या मध्येच, 'गाड'पाशी तुटतं. त्याच सुरुवातीचा दुसरा लेख लिहिला की त्याला शेवटी २ चिकटतो, मग कोणता कोणता ते तुम्हालाही सांगता येत नाही. व्हॉट्सअॅपवर तो टक्क्यांचा साप कोणी अर्धाच कॉपी केला की आणखी एक ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'.

दुसरं म्हणजे शुद्धलेखन. 'नागपुर'चं 'नागपूर' केलं आणि स्लगही सुधारला की पत्ता बदलला. पोस्ट असेल तर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवून वळवतं. पेज असेल तर वळवत नाही. तिथे ३०१ (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळवणं) स्वतः लावावा लागतो.

मी आता स्लग रोमन आणि आखूड ठेवतो. मराठीचा अभिमान शीर्षकात.

---

छोटीलाइन · रविवार, रात्री ९:३०

हिशेब देतो. सुधारलेल्या स्क्रिप्टनं १५८ पैकी १३१ बरोबर जागी आणल्या. सगळ्या डोळ्यांनी पाहिल्या, दोन रात्री गेल्या. घरात विचारणा झाली की परीक्षा आहे का. शिळाटंकांमुळे फॉन्टवाल्या अकरापैकी नऊ वाचता आल्या. लाल दिसणाऱ्या २२ सरकारी लिंका घरच्या नेटवर जिवंत निघाल्या, त्यांच्या पीडीएफ उतरवून ठेवल्या. उरलेल्यांचं शीर्षक, तारीख आणि मूळ पत्ता साध्या अक्षरांत लिहून पुढे 'प्रत उपलब्ध नाही' असं टाकलं. 'इथे वाचा' एकही उरलं नाही.

लगे हात सगळी शीर्षकंही, स्लगसकट, नीटनेटकी करून घेतली. सगळ्यांचे मनापासून आभार!

---

सावजी४०४ · रविवार, रात्री १०:०५

भाऊ, तुमच्या पहिल्या प्रतिसादातली इतवारीची लिंक दाबून पाह्यली. माझंच नाव आलं ना वर मोठ्या अक्षरात. ४०४.

---

छोटीलाइन · रविवार, रात्री १०:१२

अरे देवा. 'इतवारी स्थानक'चं 'इतवारी स्टेशन' केलं आज दुपारी. आणि ते पोस्ट नाही, पेज आहे.

लावतो ३०१.